ओळखू येईल असं एक चित्र

आत्या सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती, म्हणजे आज भांडण नक्की होतं. आनंदाच्या प्रसंगाला ती वेळेवर पोचल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं, पण कुठे वाजणार असा नुसता वास आला की पहिली खुर्ची तिचीच.

"अण्णा कुठाय?" तिनं विचारलं.

"हंड्यापाशी," थोरली म्हणाली.

"आजही?"

"आजही."

आत्यानं मान हलवली आणि पायांतले मोजे वर ओढले. मोजे गुलाबी होते. मूळचे पांढरे.

हा गुलाबी आता घराच्या अंगवळणी पडला होता. आई होती तेव्हा सुट्टीच्या दिवशी कारखान्यातले सगळे रंगाचे हौद थंड असत, तिचा तांब्याचा हंडा तेवढा चुलीवर असे. मंजिष्ठेच्या मुळांचा लाल. त्याला गिऱ्हाईक फारसं उरलं नव्हतं, पण आई म्हणे, बाकीचे रंग डब्यातून येतात, हा एक आपण करतो. ती गेली आणि पुढच्याच सुट्टीला अण्णांनी हंडा चढवला. कुणी काही विचारलं नाही. मग हंडा उकळतोय म्हटल्यावर त्यात काहीतरी टाकायला हवं, म्हणून अण्णांनी उशांचे अभ्रे टाकले. नंतर टॉवेल, काकांचे बनियन, आत्याचे मोजे. तो लाल मोठा हट्टी. कापड आधी तुरटीच्या पाण्यातून काढलं तरच अंगावर येतो, नाहीतर लाजल्यासारखा नुसता गुलाबी होऊन बसतो. तुरटी लावणं हे आईचं काम होतं. अण्णांनी ते हातात घेतलं नाही आणि कुणी त्यांना आठवण करून दिली नाही. त्यामुळे गेल्या वर्षभरात घरात पांढरं म्हणून काही उरलं नव्हतं, आणि धड लाल असंही काही झालं नव्हतं.

"मी काय म्हणते," आत्यानं आवाज खाली आणला. तिचा खालचा आवाज दोन खोल्यांपलीकडे ऐकू जाई. "तू आज मधे पडू नकोस. गप्प बस. निकाल आपोआप लागेल."

"कसला निकाल?"

"आता माझ्यासमोर तरी साळसूदपणा नको. भिंगरीला चित्र जमायचं नाही, तिचं कॉलेज सुटेल, ती या खुर्चीत बसेल आणि तू सुटशील. तुझी लायब्ररी काय जन्मभर तुझी वाट बघणार आहे?"

लायब्ररी महिनाअखेरपर्यंत वाट बघणार होती. तसं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. आई गेल्यावर थोरली चार दिवसांसाठी आली आणि जुळवणीच्या खुर्चीत अडकली. गिऱ्हाईक हातभर दोरा आणतं, तुटलं बटण आणतं, पडद्याचा कपटा आणतं आणि म्हणतं, अगदी असाच हवा. तो 'असाच' शोधायचं काम आयुष्यभर आईनं केलं, खिडकीपाशी, याच खुर्चीत बसून. तिनं छटांना नावंही आपलीच दिली होती. पातळ तपकिरीचं नाव 'पाहुण्यांचा चहा', जांभळट करड्याचं 'आत्याचा रुसवा', आणि एक पिवळा होता त्याला ती 'काका खरं बोलतायत' म्हणे, कारण तो क्वचितच लागे. थोरलीला जुळवणी येत होती. पण तिला पुस्तकांच्या रांगा आवडत. तिथं एकदा लावलेलं पुस्तक उन्हात वेगळं आणि सावलीत वेगळं दिसत नाही.

अण्णांनी मात्र महिन्यापूर्वी जाहीर केलं होतं. खुर्चीवरच्या भिंतीला आईचं चित्र हवं. भिंगरी तीन वर्षं चित्रकला शिकतेय आणि वर्षभर 'होतंय, होतंय' म्हणतेय. तिनं आज सगळ्यांसमोर आईचं ओळखू येईल असं एक चित्र दाखवावं. दाखवलं तर शिक्षण पुढे चालू. नाही दाखवलं तर उद्यापासून तिनं खुर्चीत बसावं. रंग ओळखता येतात ना? मग झालं.

थोरलीला धाकट्या बहिणीनं हरावं असं वाटत नव्हतं. पण ती जिंकावी म्हणून तिनं काही केलंही नव्हतं, आणि या दोन गोष्टींत किती अंतर आहे ते मोजायला ती तयार नव्हती.

काका आले ते तक्रार घेऊनच. "माझे गंजके खिळे कुणी घेतले? डबा भरून होते."

"गंजके खिळे कशाला जपून ठेवतोस?" आत्या म्हणाली.

"ते माझं मी बघीन. घरात चोरी होते याला काय म्हणायचं? डिंकाची बरणी गेली, व्हिनेगरची बाटली गेली, आता खिळे."

"चोर सुतार असेल. सॅलड खाणारा."

काकांच्या शर्टाच्या खिशात नेहमीसारखं फडकं होतं. कारखान्यात रंग पक्का की कच्चा हे बघायचं काम त्यांचं. पांढरं फडकं ओलं करायचं, रंगवलेल्या कापडावर घासायचं, फडक्याला डाग लागला तर रंग कच्चा. हा हात त्यांना इतका सवयीचा झाला होता की ते बँकेतल्या खुर्च्या, डॉक्टरांचे पडदे, एकदा तर एका नवरीचा झगासुद्धा घासून मोकळे झाले होते. घरात पांढरं ते एवढंच उरलेलं. अण्णांपासून वाचवायला ते फडकं उशाखाली घेऊन झोपत.

मामा शेवटी आला. आईचा धाकटा भाऊ, केस कापायचं दुकान, स्वतःला टक्कल. बगलेत सोनेरी चौकटीचं काहीतरी कागदात गुंडाळलेलं होतं.

"हे काय?" आत्यानं विचारलं.

"वेळेला असावं म्हणून आणलंय," मामा म्हणाला. "पोरीवर माझा विश्वास आहे. पण छत्री घेऊन निघालेलं बरं."

"ऊन पडलंय बाहेर."

"बाहेर पडलंय."

अण्णा हात पुसत आले. हात कोपरापर्यंत लालसर. त्यांनी जुळवणीच्या खुर्चीकडे एकदा पाहिलं, मग तिच्यावरच्या मोकळ्या भिंतीकडे, आणि हंडा होता त्या भट्टीच्या खोलीच्या दाराला टेकून उभे राहिले. "बोलवा तिला."

बोलवायची गरज नव्हती. भिंगरी मागच्या दारानं पाठमोरी आत येत होती, कारण दोन्ही हातांत चित्रं होती आणि दार ढुंगणानं उघडावं लागत होतं. लहानपणी एका जागी उभी राहात नसे म्हणून भिंगरी. आता चित्रात तेच चाललं होतं. कॉलेजातले सर म्हणत, स्वतःची शैली शोधा. त्यावर आत्या म्हणाली होती, हरवली कधी ती शोधायला?

"पहिलं," भिंगरी म्हणाली आणि चित्र टेबलावर उभं केलं. सगळं ठिपक्यांचं होतं. हजारो ठिपके, जवळून नुसते रंग, लांबून चेहरा.

काकांनी पाय मागे घेतले. आणखी मागे घेतले. हौदाला पाठ टेकली. "दिसली! वहिनी दिसली. पण बाहेर रस्त्यात उभं राहिलं तर अजून चांगली दिसेल."

"हिला गोवर कधी आला होता?" आत्या म्हणाली.

"लहानपणी आला होता अक्काला," मामा म्हणाला. "पण भांग चुकलाय. अक्काचा भांग डावीकडे. मी स्वतः पाडायचो."

अण्णांनी चित्र नीट पाहिलं. "छान आहे," ते म्हणाले.

भिंगरीचा चेहरा पडला. थोरलीचाही थोडासा. अण्णांचं 'छान' घरात सगळ्यांना माहीत होतं. ज्या कारागिराचं काम त्यांना आवडे त्याला ते तासभर चुका दाखवत. ज्याचं काम भिकार वाटे त्याला 'छान' म्हणत आणि वाटेला लावत.

"दुसरं." हे कोनाकोनांचं होतं. आई एकाच वेळी समोरून, बाजूनं आणि वरून.

"तीन नाकं आहेत," आत्या म्हणाली.

"एकच आहे, आत्या. तीन बाजूंनी दिसतंय."

"तिला एकच नाक होतं, आणि ते एका वेळी एकाच माणसाच्या कामात खुपसलेलं असायचं. बहुतेक माझ्या."

"एका वेळी तिघांच्या कामात खुपसायची वहिनी," काका म्हणाले. "त्या हिशोबानं बरोबर आहे."

"तू तिच्या बाजूनं का बोलतोयस?"

"मी चित्राच्या बाजूनं बोलतोय."

"भांग तिन्ही बाजूंनी चुकलाय," मामा म्हणाला.

"छान आहे," अण्णा म्हणाले.

तिसरं चिकटवलेलं होतं. सगळी आई कपट्यांची, जुळवणीच्या नमुन्यांची. कपाळ 'पाहुण्यांचा चहा', डोळ्यांखाली 'आत्याचा रुसवा', कानाजवळ अगदी छोटा तुकडा 'काका खरं बोलतायत'. थोरली पुढे झुकली. हे तिला आवडलं. पण काकाही पुढे झुकले होते, आणि त्यांची बोटं आईच्या केसांवर फिरत होती.

"हा माझा मोजा आहे."

भिंगरीनं चित्र आपल्याकडे ओढलं.

"हा माझा हरवलेला काळा मोजा आहे! मी वर्षभर एक पाय उघडा घेऊन हिंडतोय आणि माझा मोजा इथं वहिनीच्या डोक्यावर?"

"काका, तो काळा दुसऱ्या कशात मिळत नव्हता. धुऊन धुऊन तसा झाला होता."

"म्हणजे चोर सापडला. खिळेही हिनंच नेले असणार."

"बघ," आत्या थोरलीच्या कानाशी म्हणाली, "तुझा काका आपल्या बाजूला आला. एका मोज्यात."

"आपली बाजू म्हणजे कुठली, आत्या?"

"गप्प बसायची."

तारेचं एक होतं. अखंड एकाच तारेत वळवलेली आई, छताला दोऱ्यानं टांगायची. टांगली तर वाऱ्यानं हळूहळू फिरायला लागली. क्षणभर खरंच आई दिसली, मान वळवून बघणारी; मग छत्री दिसली, मग काकांचं पोट. सगळे माना तिरक्या करून ती पुन्हा येण्याची वाट पाहात राहिले आणि वारा पडला. समोर छत्रीच राहिली.

"छान," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज आता दमल्यासारखा येत होता.

मग भिंगरीनं जलरंगातलं चित्र पुढे ठेवलं.

त्यात शैली वगैरे काही नव्हती. खिडकी होती, खिडकीतला सकाळचा उजेड होता आणि त्या उजेडात आईचा गाल. बाकी सगळं अर्धवट सोडलेलं. थोरलीला आपल्या हातांचं काय करावं ते कळेना. आईचा चेहरा आठवायला गेलं की हल्ली तिला आवाजच आठवत असे, चेहरा वाफेमागे राही. इथे गाल तरी होता.

आत्यानं नाक ओढलं. मामा भांगाबद्दल काही बोलला नाही. अण्णा दार सोडून एक पाऊल पुढे आले. 'छान' म्हणाले नाहीत.

आणि काकांनी चित्रावर फडकं घासलं.

त्यात वाईट हेतू नव्हता. हेतूच नव्हता. डोळे भरून आले म्हणून त्यांनी खिशातून फडकं काढलं, ते डोळ्यांना लावलं, त्यामुळे ते ओलं झालं. आणि ओलं फडकं हातात, समोर रंग, असं म्हटल्यावर तो हात आपोआप पुढे गेला.

"काका!"

फडक्यावर आईचा गाल आला होता. चित्रात गालाच्या जागी कागद.

"कच्चा," काका म्हणाले, सवयीनं. मग आपण काय केलं ते त्यांना कळलं आणि ते खाली हौदाच्या कट्ट्यावरच बसले. "अगं, मी... भिंगरे, मी मुद्दाम नाही गं."

"माहितीये," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की थोरलीला भीती वाटली. "जाऊ दे काका. एका मोज्याची फिटंफाट झाली."

अण्णा पुन्हा दाराशी गेले होते.

त्या शांततेत मामानं कागद सोडला. कागद फार वाजला. "आता सगळं जमलं नाहीच म्हणताय तर," तो कुणीही काही म्हटलेलं नसताना म्हणाला आणि सोनेरी चौकट टेबलावर ठेवली.

चौकटीत एक बाई होती. गुळगुळीत, गोरी, ओठ मिटून हसणारी.

"ही कोण?" आत्या म्हणाली.

"कोण म्हणजे? अक्का! आपला एकच तर फोटो आहे, सगळ्यांचा एकत्र. त्यातली काढून मोठी केली स्टुडिओवाल्यानं."

"हा गळा कुणाचा?"

"गळा स्टुडिओचा. त्या फोटोत गळ्यापुढे तुझं डोकं होतं."

"आणि तोंड?"

मामा जरा चाचरला. "त्या फोटोत तिच्या तोंडात फडकं होतं ना. फोटोग्राफरनं एक-दोन-तीन म्हटलं तरी ही कापडाचा कोपरा चघळत उभी. तेवढं काढायला सांगितलं मी. चारचौघांत कसं दिसतं?"

फडकं नाही, थोरलीच्या मनात आलं. नमुना. तुरटी कापडात बसली की नाही ते आई हातानं बघत नसे. कोपरा जिभेला लावी; जीभ आखडली तर बसली. आत्याला त्याची शिसारी येई, बाहेरच्यांसमोर काका खोकत. पण कारखान्याला उभ्या आयुष्यात आईच्या जिभेनं कधी फसवलं नव्हतं.

काकांनी मामाच्या फोटोच्या काचेवर फडकं फिरवलं, आईचा गाल नसलेल्या बाजूनं. "पक्का आहे," ते खिन्नपणे म्हणाले.

"भांगही डावीकडे आहे," मामा म्हणाला.

"ओळखू येतं?" अण्णांनी विचारलं.

येत नव्हतं, पण बाई होती, एकच नाक होतं, हलत नव्हती आणि पुसली जात नव्हती. एवढ्या सगळ्यानंतर ते कमी वाटत नव्हतं.

"मग हेच लावू," अण्णा म्हणाले. "भिंगरे, अजून काही आहे?"

भिंगरीच्या हातात एक घडी केलेलं कापड होतं. मघापासून ती ते सगळ्या चित्रांखाली लपवत होती हे थोरलीनं पाहिलं होतं. आता तिनं ते टेबलावर उलगडलं आणि लगेच पुन्हा गोळा करायला लागली. "हे... नाही. हे राहू दे. हे झालेलं नाही."

"बघू दे तरी," आत्यानं कोपरा धरला. कापड कोरं होतं. पांढरं, ताठ, आणि मधे कुठेकुठे गंजासारखे फिकट पिवळे डाग. "यात काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही हीसुद्धा एक शैली असते म्हणे हल्ली," मामा म्हणाला.

"कळकट आहे. पण पांढरं आहे," आत्या हरखून म्हणाली. "घरात पांढरं कापड! मी पायपुसणं करीन."

भिंगरी हसली नाही. थोरलीनं तिच्याकडे पाहिलं. चारचौघांत हरलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. जत्रेत हात सुटलेल्या पोराचा होता. थोरलीनं कापड उचललं, घडी घालायला म्हणून. ते बोटांना करकरीत लागलं, खळ दिल्यासारखं. डिंकाची बरणी. व्हिनेगरची बाटली. गंजके खिळे. तिनं सगळ्यांकडे पाठ केली आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत कापडाचा कोपरा जिभेला लावला.

जीभ आखडली.

दोन बोटं पुढे लावला. काही नाही, नुसतं कापड. अजून पुढे, पुन्हा आखडली. तुरटी सगळीकडे नव्हती. कुणीतरी ती डिंकात कालवून कुंचल्यानं लावली होती, लाल जिथे धरायला हवा तेवढ्याच जागी.

थोरलीला सगळं एकदम समजलं, आणि हेही समजलं की समजलेली ती एकटीच आहे. भिंगरीनं हे कधी करून पाहिलेलं नव्हतं. एकच कापड, एकच वेळ. हंड्यातून आई येईल किंवा डाग येतील, आणि डाग आले तर पुन्हा पुसता यायचं नाही. म्हणून तिचं धाडस होत नव्हतं. घडी घालून कापड तिच्या हातात दिलं असतं तर तिनं ते घेतलं असतं, उद्या खुर्चीत बसली असती, आणि थोरली महिनाअखेरीआधी आपल्या रांगांमधे पोचली असती. गप्प बस, निकाल आपोआप लागेल.

थोरली भट्टीच्या खोलीत गेली आणि कापड हंड्यात टाकलं.

"ताई!"

भिंगरी धावली तेव्हा कापड बुडालं होतं. मागोमाग सगळे आले आणि अरुंद दारात अडकले.

"अगं, तिचं होतं ना ते?" काका म्हणाले.

"तिचं?" थोरली म्हणाली. तिला खोटं बोलायची सवय नव्हती म्हणून तिनं हंड्याकडे बघत बोलणं पत्करलं. "मला वाटलं, रंगवायचं राहिलंय. पांढरं दिसलं."

हे कारण कुठल्याही दुसऱ्या घरात कुणी ऐकून घेतलं नसतं. इथे सगळ्यांनी माना हलवल्या. आत्यानं स्वतःच्या मोज्यांकडे पाहिलं.

अण्णांनी काठी उचलली. कापड कुणाचंही असो, हंड्यात पडलं की हलवत राहायचं, नाहीतर रंग एका जागी धरतो. ते गोल गोल हलवू लागले. भिंगरी हंड्याची कड धरून उभी होती. वाफेनं तिचा चेहरा ओला झाला होता, किंवा वाफेनं नसेलही.

"किती वेळ लागेल?" मामानं विचारलं.

"कशाला?" आत्या म्हणाली. "पायपुसणं व्हायला?"

पहिल्यांदा कापड वर आलं तेव्हा ते गुलाबी होतं. "आला, माझ्या मोज्यांचा रंग," आत्या म्हणाली. दुसऱ्यांदा वर आलं तेव्हा त्यावर एक लाल रेघ होती. अण्णांचा हात थांबला.

"हलवा," भिंगरी म्हणाली. "अण्णा, हलवत राहा ना."

अण्णांनी हलवलं. रेघा वाढत गेल्या. मग जिथे पिवळे डाग होते तिथे काळसर जांभळा उतरायला लागला, दाट, केसांसारखा. मामा म्हणाला, "डावीकडे," आणि पुढे काही म्हणाला नाही.

अण्णांनी काठीवर कापड उचललं. पाणी निथळलं. ते तसंच धरून ते खिडकीपाशी गेले, उजेडात.

आई होती. मान थोडी वाकडी, कपाळाला आठी, आणि नमुन्याचा कोपरा दातांत, जिभेला लावलेला. समोरच्याचं ऐकते आहे पण पटलेलं नाही, अशी. फिकट गुलाबीवर गडद लाल. असा लाल त्या हंड्यातून वर्षभरात निघाला नव्हता.

"हं, हेच," आत्या म्हणाली. "असंच बघायची माझ्याकडे. मेली." आणि रडायला लागली.

अण्णांनी कापड आणखी उजेडात धरलं. भिंगरी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. थोरलीलाही वाटलं, आता छान म्हणू नका. काहीही म्हणा.

"केसांना लोखंडाचं पाणी?" अण्णांनी विचारलं.

"हो. खिळे व्हिनेगरमधे भिजवून."

"माझे खिळे!" काका ओरडले. कुणी लक्ष दिलं नाही.

"ओठापाशी तुरटी जास्त झालीय. डोळ्याशी कमी पडली."

"हो."

"डिंक पातळ. ही कड बघ, पसरलीय. आणि हात? हाताला चारच बोटं आहेत."

"पाचवं मागे आहे, अण्णा."

"मग मागे आहे असं दिसलं पाहिजे. आणि हे कापड आधी उकळून घेतलं नव्हतंस."

"घेतलं होतं."

"नीट नाही घेतलं. इथं बघ. इकडे ये, इथून बघ."

ते चुका दाखवत राहिले. भिंगरी त्यांच्या कोपराशी उभी राहून हो, हो म्हणत होती आणि तिचे डोळे इतके चमकत होते की मामानं आपली सोनेरी चौकट उचलून पुन्हा कागदात गुंडाळायला घेतली.

"म्हणजे पोरीचं शिक्षण चालू," काका म्हणाले. "मग खुर्चीत कोण?"

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं. तिनं जे केलं होतं त्याचा अर्थ तिला कळत होता. लायब्ररीतल्या खिडकीखालचं तिचं टेबल आता दुसऱ्या कुणाचं होईल. तिच्या जिभेवर अजून तुरट चव होती.

"चाटलं हिनं आधी," अण्णा कापडावरून नजर न काढता म्हणाले. "पाठ केली म्हणून मला दिसत नाही होय? तीस वर्षं एक बाई बघितलीय मी पाठमोरी चाटताना." मग थोड्या वेळानं, "तिलाही खोटं बोलून मला कधी नीट फसवता आलं नाही. तू जा महिनाअखेरीला."

"आणि खुर्ची?"

"मी बसते," आत्या डोळे पुसत म्हणाली.

अण्णा वळले. "तू? तुला दोन पांढऱ्यांतला फरक कळत नाही."

"कसा कळेल? घरात दोन पांढरी शिल्लक ठेवलीयस का?"

"आत्या, गिऱ्हाईकांशी भांडशील," थोरली म्हणाली.

"भांडीन. वहिनी काय आरती ओवाळायची त्यांना? महिनाअखेरपर्यंत तू शिकव. आणि ते चाटायचं मी करणार नाही, आत्ताच सांगते." तिनं जरा विचार केला. "निदान कुणी बघत असताना तरी नाही."

अण्णांनी कापड थंड पाण्यातून काढलं, दोरीवर टाकलं आणि चारी कोपरे ओढून सारखे केले. मग ते बाजूला झाले आणि काकांना जागा दिली.

"नको," काका म्हणाले. त्यांनी हात पाठीमागे बांधले होते. "मी नाही."

"तुझं काम आहे ते."

"मघाशी बघितलंस ना माझं काम?"

"काका," भिंगरी म्हणाली, "करा."

काकांनी फडकं काढलं. एका बाजूला अजून गाल होता; ती त्यांनी आत घडी केली. स्वच्छ बाजू ओली करून पिळली. वाळत घातलेल्या कापडातल्या आईच्या गालावर त्यांनी ते टेकवलं, डोळे मिटले आणि घासलं, तिच्यासमोर घासत तसं, कुचराई न करता.

मग फडकं खिडकीपाशी नेऊन उलगडलं. बाकीचे पाचही जण वाकले.

फडकं पांढरं होतं.

"पक्की आहे," काका म्हणाले.